तात्यांचा क्लच

शुक्रवार, ३० ऑगस्ट

गुडघा: ठीक.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या गुडघ्याची रोज नोंद ठेवायला सांगितली आहे, म्हणून ही वही. आता 'ठीक' यापलीकडे माणूस गुडघ्याबद्दल काय लिहिणार? वही मात्र चांगली जाडजूड आणली गेली. तेव्हा उरलेल्या जागेत महत्त्वाचं लिहितो.

महत्त्वाचं म्हणजे तात्या आजारी आहेत.

तात्या म्हणजे आमची लँड क्रूझर. शहाण्णव सालची, गिअरची, मूळ रंग पांढरा. हमझा नावाच्या ओमानी गृहस्थांकडून घेतली तेव्हा आमच्या सावनीचा जन्मही झाला नव्हता. डोंगर म्हणा, वाळू म्हणा, वादीतलं, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्यातलं, पाणी म्हणा, तात्यांनी कधी 'नाही' म्हटलेलं नाही.

ऑगस्टभर मी ऑडिटसाठी इब्रीला होतो, ऑफिसच्या गाडीने. तात्या इथे मस्कतला, वादी अदाईत आमच्या बिल्डिंगखाली विश्रांती घेत होते. आज सकाळी भाजीला म्हणून बाहेर काढले, तर आमेरातच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी पुढे सरकत नाही. वर जळका वास. क्लच गेला! जाताना धडधाकट ठेवून गेलो होतो. महिनाभर जागेवर उभ्या असलेल्या गाडीचा क्लच जळतो कसा?

सुगंधाला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "उन्हाने असेल."

असेलही. इथला ऑगस्ट म्हणजे काय विचारता.

शिवाय कोणीतरी ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढून ठेवली होती आणि आरसाही खाली वळवला होता. गाडी धुणाऱ्याला झापलं. तो म्हणाला, मी फक्त बाहेरून धुतो. सगळे असंच म्हणतात.

सोमवार, २ सप्टेंबर

गुडघा: ठीक. (जिना: लिफ्टने.)

सादिकच्या गॅरेजला जाऊन आलो. हा पाकिस्तानातल्या गुजरांवालाचा. क्रिकेटपासून माझ्या ब्लडप्रेशरपर्यंत प्रत्येक गोष्टीत याला मत आहे. गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. क्लचची प्लेट माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "साब, ये तो जल के पापड़ हो गई. किसी ने हाफ क्लच पे बहुत चलाया है. नया हाथ लगता है."

माझी अशी सटकली! तीस वर्षं गाडी चालवतोय, आणि नया हाथ?

"साब, मैंने आपको थोड़ी बोला."

"तो किसको बोला?"

त्यावर त्याने चहा मागवला. मी त्याला उन्हाचा मुद्दा समजावून सांगितला. "हो सकता है साब," म्हणाला. निदान ऐकून तरी घेतो.

बुधवार, ४ सप्टेंबर

ऑडिटरचा पिंड आहे माझा. समोर तीन पर्याय आले की मी तक्ता करतो.

पहिला, कंपनीचा ओरिजिनल क्लच. आयुष्य चांगलं, पेडल मऊ. पण एवढ्या जुन्या मॉडेलचा मस्कतमध्ये कोणाकडे नाही. दुसरा, सादिकचा लाडका नकली माल, "सब यही डालते हैं, साब." सब घालत असतील, तात्या घालणार नाहीत. तिसरा ऑस्ट्रेलियाहून येणारा हेवी ड्यूटी. आहाहा! स्प्रिंगा दणकट, पकड जबरदस्त, चढावर घसरणार म्हणून नाही. पेडल जरा कडक, एवढंच. वाघाची शिकार करायची तर बंदूक जड असणारच.

संध्याकाळी क्लिफर्ड खाली आला. हा आमच्या वरच्या मजल्यावरचा, वसईचा, एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. तक्ता बघून म्हणाला, "आरे शिरीष, तू काय दगडं वाहणार हायस काय? ओरिजिनल टाक. इब्रीच्या मार्केटात जुना स्टॉक मिळेल, मी चौकशी करतो."

मी इब्रीत महिना काढून आलोय. मला इब्री शिकवतोय!

तेवढ्यात सुगंधा चहा घेऊन आली आणि तक्त्याकडे बघत उभी राहिली. "यातला पायाला सगळ्यात हलका कुठला हो?"

मला अगदी भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने तात्यांबद्दल आजवर एकच प्रश्न विचारलाय: "एसी कधी दुरुस्त करणार?" माझ्या गुडघ्याच्या काळजीने बिचारी आज क्लचपर्यंत पोचली. मी म्हटलं, "तू नको काळजी करूस. माझ्या पायात ताकद आहे."

"तुमच्या पायात आहे हो," असं म्हणून ती आत गेली. क्लिफर्डने चहाचा कप तोंडापुढे धरला.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

गुडघा: डॉक्टरीणबाईंना विचारा. त्यांनाच जास्त कळतं.

आज त्या स्पष्ट म्हणाल्या, क्लच दाबणं बंद करा, ऑटोमॅटिक गाडी घ्या. त्यांच्या दारात उभी असलेली गाडी बघितली. टोस्टर आहे टोस्टर.

घरी आलो तर हमझाचा फोन. याला बातम्या कुठून कळतात कोण जाणे. म्हणाला, "शिरीष, यू फिनिश, यू गिव्ह मी बॅक." त्याच्या बापाची गाडी होती ती, त्याचाही जीव अडकलाय. माणूस चांगला आहे म्हणून जास्तच राग आला.

सुगंधा म्हणाली, "अहो, विकायची का मग?"

मी तिला दसऱ्याची आठवण करून दिली. दर दसऱ्याला आमचं सीमोल्लंघन असतं. आमेरातच्या पुढे डोंगरात जिथे डांबर संपतं, तिथे तात्यांची चाकं खडीवर उतरली की सीमा ओलांडली. मग तो उभा चढ, आणि वर माथ्यावर एक बोरीचं झाड. इथे त्याला सिद्र म्हणतात, पण काटे तेच. आपटा नाही, तर बोरीची पानं सोनं म्हणून वाटायची, तात्यांची पूजा करायची, श्रीखंड-पुरी खायची. तात्यांशिवाय एक दसरा गेलेला नाही. टोस्टर त्या चढावर पहिल्याच वळणाला माघारी येईल.

शेवटी ठरलं: या दसऱ्याला तात्या माथ्यावर पोचले तर राहतील. नाही पोचले तर हमझा घेऊन जाईल, आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही.

सुगंधाने दोनदा विचारलं. "तात्या वर गेले पाहिजेत, एवढंच ना?"

"एवढंच."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय, लिहून देऊ का?"

"नको," म्हणाली. खूश दिसली. बायकांचं काही कळत नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

गणपती झाले. गुडघा: बसून आरती म्हटली, देव समजून घेतो.

सुगंधाला मेहविश नावाची नवी मैत्रीण मिळाली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तिला न्यायला येते, गाडी बिल्डिंगच्या मागे लावते. केकचा क्लास आहे म्हणे. मी म्हटलं, घरी अजून एकही केक आलेला नाही.

"अजून थिअरी चालू आहे," म्हणाली.

केकला थिअरी असते हे माहीत नव्हतं. काळ बदलला.

आज हायपरमार्केटात तिने एक विचित्र प्रकार केला. भरलेली ट्रॉली उलटी, मागे मागे नेत, खांद्यावरून बघत, दोन खांबांच्या मधे एका दमात बरोबर लावली. कुठे घासली नाही की काही नाही. मग स्वतःशीच हसली. बाजूचा एक ओमानी म्हातारा "माशाल्ला" म्हणाला. सावनीने तर टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, काय चाललंय? सावनी म्हणाली, "बाबा, आय नो नथिंग. मला विचारू नको तू."

शाळेत इंग्रजी बोलून बोलून या पोरांना साध्या प्रश्नाला साधं उत्तर देता येत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

ठरलं. हेवी ड्यूटीची ऑर्डर दिली. खलास.

घरात सांगितलं तेव्हा सुगंधाचा चेहरा पडला. "केवढं जड असतं ते पेडल?" मी म्हटलं, पुरुषाच्या पायाला काहीच नाही. यावर ती थेट वर ग्रेसकडे, म्हणजे क्लिफर्डच्या बायकोकडे, निघून गेली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मेहविशकडून आली ती सुगंधा सरळ खोलीत जाऊन पडली. डोळे लाल. स्वयंपाक नाही. सावनीने ऑम्लेट केलं, त्यात कवच निघालं.

मला फार वाईट वाटलं. माझ्या क्लचचा तिने एवढा धसका घेतलाय. जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "हे बघ, चढावर गाडी थांबली की सगळा भार क्लचवर येतो. क्लच दणकट असेल तर गाडी मागे घसरत नाही. समजलं?"

ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "चढावरच घसरली ना पण."

"कोण?"

तिने उशीला नाक पुसलं. म्हणाली, "क्रीम. केकवरची."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, परत कर, पहिल्यांदा सगळ्यांचंच घसरतं. माझी ताम्हिणीत घसरली होती, मागे एसटी होती, आख्खी एसटी मला शिव्या देत होती. तेव्हा ती उठून बसली. म्हणाली, "खरंच? तुमचीसुद्धा?" आणि एकदम रडत रडत हसायलाच लागली. केकपायी माणसाने इतकं मनाला लावून घेऊ नये.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

गुडघा: ठीक म्हटलं ना.

हेवी ड्यूटी आला! खोका काय वजनदार, एकट्याला उचलवेना. वर लाल अक्षरं. मी खोका न फोडता तसाच सादिककडे पोचवला. त्याने आतला माल बघितलासुद्धा नाही, "इन्शाल्ला मंगल को, साब," म्हणाला. लक्ष सगळं मोबाईलवर. स्क्रीनवर 'भाभीजी' दिसलं, त्याचं घरचं काही असेल, म्हणून मी बाजूला झालो.

क्लिफर्ड पहाटेच इब्रीला गेला होता. खजूर आणायला म्हणे! आमच्या कोपऱ्यावर खजूर मिळतो. संध्याकाळी परत आला तेव्हा डिकीत गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. मी हात लावायला गेलो तर डिकी धाडकन बंद केली. मला एक खजूर दाखवलासुद्धा नाही. वीस वर्षांची मैत्री!

मंगळवार, १ ऑक्टोबर

तात्या परत आले!

आणि काय सांगू! लोणी! अक्षरशः लोणी! लोक म्हणत होते हेवी ड्यूटीचं पेडल कडक असतं. कुठे कडक? माझ्या या असल्या गुडघ्याने रुवीपर्यंत जाऊन आलो. पकड बघावी तर अशी की चढावर इंजिनाने हूं की चूं केलं नाही. ऑस्ट्रेलियन इंजिनिअरिंग म्हणतात ते हे. उगाच नाही ते लोक वाळवंटात राहत.

क्लिफर्डला बोलावून एक फेरी मारून आणली. म्हटलं, "बघ! तुझ्या त्या ओरिजिनलमध्ये हा मऊपणा आहे? बोल ना!"

तो खिडकीबाहेर बघत होता. खांदे हलत होते. म्हणाला, "नाय रे बाबा. ओरिजिनलला हे जमायचंच नाय."

प्रांजळपणे हार मानणारी माणसं मला आवडतात. खजुराचं मी माफ करून टाकलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. यंदा सुगंधाने देवी जरा उंचावर बसवली आहे, चौरंगाखाली काहीतरी ठेवून वरून जमिनीपर्यंत लाल खण सोडलाय. शोभतं छान. खाली काय ठेवलंस विचारलं तर म्हणाली, "जुने दिवाळी अंक. आणि सोवळ्यातलं आहे, तुम्ही हात लावू नका."

रोज आरतीनंतर मी एक नमस्कार जास्त घालतो. आई, क्लचने साथ दिली, आता गुडघ्याचं तेवढं बघ.

बुधवार, ९ ऑक्टोबर

घरी आलो तर केशर घातलेला शिरा. ग्रेस, क्लिफर्ड, मेहविश, सगळे हजर. मेहविशला पहिल्यांदाच पाहिलं. पेशावरची, उंच, आवाज हवालदारासारखा. केक शिकवणारी बाई मी अशी कल्पिली नव्हती. सावनी "आई रॉक्स!" म्हणून नाचत होती. मी विचारलं, "केकची परीक्षा पास?"

सुगंधा म्हणाली, "हो. दुसऱ्या खेपेला."

तिचा चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिलो. एवढी खूश तिला कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. केक मात्र अजूनही कुठे दिसला नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

आज सगळं लिहितो.

सकाळी तात्यांना धुतलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि निघालो. मागे क्लिफर्ड आणि ग्रेस त्यांच्या गाडीत. आमेरात मागे पडलं, डांबर संपलं, चाकं खडीवर उतरली. सावनी मागून ओरडली, "सीमोल्लंघन!" एवढा एक शब्द तिला न अडखळता येतो.

चढ लागला. पहिलं वळण लीलया. दुसरंही. गुडघा कुरकुरत होता, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या वळणावर, जिथे चढ सगळ्यात उभा आणि खडी सगळ्यात सुटी, तिथे वरून शेळ्यांचा कळप उतरला. काय करता? थांबलो. शेळ्या आपल्या मजेत, एकीने तर बंपरवरच्या झेंडूचा घास घेतला. क्लच दाबून धरलेला, ब्रेक दाबून धरलेला. शेळ्या गेल्या, आणि मी पाय उचलायला गेलो तर गुडघा जागच्या जागी अडकला. सरळ होईना की वाकेना. कशीबशी गाडी बंद करून हँडब्रेक ओढला. कपाळावरून घामाच्या धारा.

मागे क्लिफर्ड, त्याच्या मागे उतार. वर झाड दिसत होतं. मला समोर हमझाच दिसायला लागला, चावी घ्यायला हात पुढे केलेला. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

"उतरा," सुगंधा म्हणाली.

"ढकलून नाही जाणार गं ती."

"ढकला कोण म्हणतंय? तुम्ही माझ्या जागी या."

मी म्हटलं, वेडी आहेस का, इथे लायसन्स असलेल्या माणसाची गाळण उडाली आहे. तिने पर्स उघडली. त्यातून एक कोरं करकरीत कार्ड काढून माझ्या हातात दिलं. फोटोत तिचे डोळे मोठे झाले होते, पण होती तीच. ड्रायव्हिंग लायसन्स. मॅन्युअल, म्हणजे गिअरच्या गाडीचं.

मी कार्ड उलटं करून बघितलं, परत सुलटं करून बघितलं. "केक?" एवढंच तोंडातून निघालं.

"मेहविश ड्रायव्हिंग शिकवते, बाबा," सावनी म्हणाली. "ऑगस्टमध्ये क्लिफर्ड अंकलनी पण शिकवलं. ग्राउंडवर. तात्यांवर."

नया हाथ!

सुगंधाने सीट पार पुढे ओढली, आरसा खाली वळवला, पाठीशी उशी घेतली. पदर खोचला. गाडी चालू केली. क्लच हळूहळू सोडत नेला, इंजिनाचा आवाज जरासा जड झाला, बॉनेट किंचित उचललं, आणि मग हँडब्रेक सोडला. तात्या एक बोटही मागे आले नाहीत. मी इतकी वर्षं चालवतोय, पण इतकं नीट मला कधी जमलेलं नाही. हे इथे लिहितोय, तिला सांगितलेलं नाही.

वर बोरीखाली तिने मला पानं दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मी म्हटलं, "ठरलं होतं की मी वर..."

"तात्या वर गेले पाहिजेत, असं ठरलं होतं. कोणी न्यायचे ते ठरलं नव्हतं. मी दोनदा विचारलं होतं."

ऑडिटर मी आहे की ती?

तिथूनच हमझाला फोन लावला. म्हटलं, नो सेल. तो हसला, म्हणाला, अल्हमदुलिल्ला, आणि दसऱ्याचं श्रीखंड पाठवायला सांगितलं.

खाली उतरायला निघण्याआधी मी क्लिफर्डला म्हटलं, कसाही असो, क्लच हेवी ड्यूटी होता म्हणून ती चढली. त्याने मला कडकडून मिठीच मारली.

रविवार, १३ ऑक्टोबर

गुडघा: दुखतो. खूप दुखतो. पहिल्या दिवसापासून दुखतोय. घ्या, लिहिलं.

सकाळी सुगंधा आंघोळीला गेली होती. म्हटलं, तिने एवढं केलं, आपण निदान देवीचा चौरंग तरी उचलून ठेवावा. देवी उचलली, घट उचलला, चौरंग बाजूला केला, लाल खण ओढला.

खाली माझा खोका. लाल अक्षरं. पट्टीसुद्धा फोडलेली नाही. वर हळद-कुंकू, अक्षता, आणि निरांजनातलं तूप सांडलेलं.

मी खाली जमिनीवरच बसलो. सगळं नवरात्र मी माझ्या क्लचपुढे आरत्या म्हटल्या होत्या! मग गोणपाट आठवलं. इब्रीचा खजूर आठवला. भाभीजी. लोणी. "ओरिजिनलला हे जमायचंच नाय." राग आला, चांगला सणसणीत आला. कोणाला आधी धरू, क्लिफर्डला की सादिकला? आणि मग तो कालचा चढ डोळ्यांपुढे आला. हा खोक्यातला प्राणी गाडीत असता तर माझा गुडघा डांबर संपायच्या आतच अडकला असता, आणि तिच्या एवढ्याशा पायाला ते पेडल हललं नसतं. आत्ता या वेळेला तात्या हमझाच्या अंगणात असते. तेव्हा मला हसू फुटलं. एकटाच हसत होतो, तोंडावर खण दाबून.

बाथरूमची कडी वाजली. झटकन खण खोक्यावर सोडला, चौरंग वर ठेवला, घट, देवी, सगळं होतं तसं.

सुगंधा केस पुसत आली. "काय करताय?"

"काही नाही. नमस्कार केला. म्हटलं, राहू दे देवी कोजागिरीपर्यंत अशीच. उंचावर बरी दिसते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "चला," म्हणाली, "ऑफिसला सोडते."

इथे ड्रायव्हर डावीकडे, म्हणून मी उजवीकडच्या सीटवर बसलो. ही बाजू मला नवीनच. वादी अदाईच्या उतारावर तिने गिअर बदलला की माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जात होता, नुसत्या पायपुसण्यावर. तिने ते बघितलं. पुढच्या गिअरलाही बघितलं.

"काय हो," रस्त्यावरची नजर न हलवता तिने विचारलं, "तुमच्या बाजूचा क्लच कसा आहे?"

मी म्हटलं, "हेवी ड्यूटी आहे. पण मऊ आहे हं अगदी."